बाइंडरबाईंची रक्तपिशाच्चं

आमच्या गल्लीत एक बातमी पक्की होती. डायलिसिसच्या वॉर्डात दवाखान्याने एक बाई पगारावर ठेवली आहे आणि तिचं काम पेशंटना घाबरवणं. मशीनवर बसलं की रक्तदाब धाडकन खाली येतो ना, मग ही बाई कानाशी येऊन रक्तपिशाच्चाची गोष्ट वाचते आणि तो सुर्रकन वर चढतो. इस्त्रीवाल्याने तर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की त्याच्या साडूचा दाब तिने एका पानात वीसने चढवला.

यातलं खरं एवढंच, की बाई आहे आणि रक्तपिशाच्चं आहेत. पगार नाही. बाई स्वतःच पेशंट आहेत. खिडकीजवळची तीन नंबरची खुर्ची अकरा वर्षं त्यांची आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. आणि वाचून तर त्या कोणालाच दाखवत नाहीत. उलट कोणी पुटपुटत वाचायला लागलं की म्हणतात, मनात वाचा हो, इथे आधीच चौदा मशिनी बोलतायत.

बावीस वर्षं त्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत बाइंडिंग करायच्या, म्हणून सगळ्यांच्या बाइंडरबाई. सिस्टरसुद्धा केसपेपर हातात घेऊन "बाइंडरबाई, वजन" असंच ओरडतात. किडन्या गेल्या तेव्हा पहिलं वर्षभर त्या नुसत्या छताकडे बघत पडायच्या. नवा पेशंट छताकडेच बघतो. बाजूला बघितलं की नळी दिसते, आणि नळीत आपलंच रक्त आपल्याला सोडून चाललेलं दिसतं. वाचावं म्हटलं तर एका हातात दोन सुया, तो हात चार तास हलवायचा नाही. दुसऱ्या हाताने जाड पुस्तक धरलं की दहा मिनिटांत मनगट भरून येतं.

तेव्हा बाईंनी, त्यांच्याच शब्दांत, आयुष्यातलं एकमेव पाप केलं. छापखान्यात एका वाचनालयाने बांधायला टाकलेली पोतंभर पुस्तकं पडून होती. वाचनालय बंद पडलं, न्यायला कोणी फिरकलं नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त व्हॅम्पायरच्या कादंबऱ्या. बाईंनी सगळ्यात जाड कादंबरी घेतली, पाठीवरून सुरी फिरवली, चार तासांत वाचून होतील एवढी पानं वेगळी काढली आणि त्यांचं एका हातात मावेल असं पातळ पुस्तक शिवलं. मग पुढच्या पानांचं दुसरं. मग तिसरं. "बावीस वर्षं फाटलेलं शिवलं," त्या म्हणतात, "आता शिवलेलं फाडते. वर गेल्यावर जुना मालक दारातूनच हाकलणार मला."

व्हॅम्पायरच का, असं नव्या माणसाने विचारलं की आधी सांगतात, पोत्यात तेच होतं, मी काय करू. मग चष्मा वर सारून म्हणतात, आपले भाऊबंदच ते. खाणंपिणं मोजून, गावाला जायचं तर शंभर अडचणी, आणि रक्ताशिवाय पान हलत नाही. फरक एवढाच, की आपण आपल्याच रक्तावर भागवतो.

कोणाला कुठलं पुस्तक द्यायचं, ही मात्र त्यांची खरी विद्या. ड्रायव्हरकाकांना पहिल्या पानावर मुडदा लागतो; दुसऱ्यावर निघाला तर म्हणतात, गाडी फार वेळ स्टँडवरच उभी आहे. त्यांना एका कत्तलखान्यातल्या रक्तपिशाच्चाची कादंबरी दिली होती. तिचा चौथा भाग वाचताना त्यांचा दाब एकशेनव्वदवर गेला आणि सिस्टरने पुस्तक उशीखाली कोंबलं. (इस्त्रीवाल्याचा साडू तो हाच.) शेजारच्या खुर्चीवरच्या मास्तरीणबाईंना भाषा चांगली लागते, वर थोडं प्रेम. त्यांना दिली तीनशे वर्षं जगूनही एक धड प्रेमपत्र लिहिता न येणाऱ्या पिशाच्चाची गोष्ट. मास्तरीणबाई वाचता वाचता त्याच्या पत्रांना गुण द्यायच्या. सबंध कादंबरीत त्याला चारच्या वर मिळाले नाहीत. वकीलसाहेबांना दिलेल्या पुस्तकात दोनशे वर्षांपूर्वी पुरलेला माणूस उठून स्वतःच्या घरावर दावा लावतो, आणि कोर्टापुढे प्रश्न असा, की जो पुरता मेलाच नाही त्याचे वारस कोण. ते वाचताना वकीलसाहेब छातीवरची चादर काळ्या कोटासारखी नीट करत बसत.

एक तरुण आई होती, घरी तान्हं बाळ. ती फक्त रडायची. बाईंनी तिला भीतीचं दिलं नाही, शोकाचं तर नाहीच. दात पडलेल्या, बिटाच्या रसावर जगणाऱ्या पिशाच्चाची मुलांची गोष्ट दिली. तिसऱ्या पानावर ती हसली आणि म्हणाली, याला बीट चालतं, आणि मला नाही. किडनीच्या पथ्यात बीट पहिलं वर्ज्य. मग ड्रायव्हरकाका म्हणाले, त्याला विचारा कोणत्या डॉक्टरकडे जातो.

बाईंचा नियम एकच. पुस्तकाचा पुढचा भाग सुया टोचून मशीन सुरू झाल्यावरच मिळणार, आणि उठताना परत द्यायचा. घरी न्यायचा नाही. हा नियम का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं. मला ठाऊक नव्हतं.

माझे आजोबा, आईचे वडील, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सुट्टी होती म्हणून त्यांच्याबरोबर मी जायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, की तीन महिने बघीन, मग पुरे; माणसाने किती दिवस नळीला बांधून घ्यायचं. आई तेव्हापासून कॅलेंडरकडे बघायची नाही. तीन महिने भरायला तीन आठवडे उरले होते.

बाईंनी दिलेली पहिली दोन पुस्तकं आजोबांनी परत केली. आरशात दिसत नाही म्हणे, मग भांग कसा पाडतो? दाढी कोण करून देतं, त्याची आई? बाईंनी दोन्ही पुस्तकं वॉर्डातल्या आपल्या कपाटात परत ठेवली. पुढच्या खेपेला त्यांनी कपाटातून नऊ भागांचं एक पुस्तक काढलं. माळावरच्या एका गावात मोजणीदार येतो. तिथल्या रक्तपिपासू सरदाराला गावाची हद्द ओलांडता येत नाही, म्हणून तो रोज रात्री हद्दीच्या खुंट्याच सरकवतो. मोजणीदार रोज सकाळी मोजतो आणि रोज गाव वाढलेलं.

आजोबा छताकडे बघायचे थांबले. डाव्या हातात सुया, उजव्यात पेन्सिल. वाचून झालेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक बारीक खूण, आणि समासात शेरे: मोजणीची साखळी चुकीची धरली, उताराची वजावट केली नाही, याला नोकरी कोणी दिली. बाई मला हळूच म्हणाल्या, ज्याला सगळं माहीत असतं ना, त्याला चुका सापडतील असंच द्यावं.

सातवा भाग संपला त्या गुरुवारी आजोबांनी मला खुर्चीजवळ बोलावलं. इतक्या गोडीने ते एरवी बोलत नसत. दोनच भाग राहिलेत, म्हणाले, घरी निवांत बघतो, आण जा, मी काही पळून जात नाही. मला त्यांची दया आली. सुया काढून बाईंचा हात सिस्टर बांधत होती, कपाट उघडं होतं. आठवा आणि नववा भाग मी ओढणीखाली घेतला.

शनिवारी सकाळी सव्वासहाला आजोबा अंथरुणात बसून होते. आईने शर्ट पुढे केला. ते म्हणाले, "झालं. पुस्तक संपलं, माझंही संपलं. उगाच दार धरून उभी राहू नकोस."

आईने डॉक्टरांना फोन केला. तिकडून सांगितलं, दम लागला तर तडक घेऊन या, पण मंगळवार चुकवू नका; मंगळवार चुकला तर पुढचं सांगता येणार नाही. आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तेव्हा मला तो नियम कळला.

मी दोन्ही भाग घेऊन वॉर्डात गेले. बाई मशीनवर होत्या. आजोबांची खुर्ची रिकामी, चादर घडी केलेली. मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील म्हणून खांदे आवळून उभी होते. त्यांनी फक्त नववा भाग मागितला आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्याने एकेक पान उलटू लागल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीची खूण. शेवटची चार पानं आली. खूण नाही, शेरा नाही.

"वाचलीच नाहीत," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, पण ते तर म्हणाले संपलं.

"म्हणू देत. संपवायचं असतं त्यांना, तर या पानांवरही खूण केली असती." त्यांनी माझ्याकडून कातर मागून घेतली, मला पानं धरायला लावली, दोऱ्याचे टाके कापले आणि ती चार पानं उशीखाली ठेवली. बाकीचा भाग मला परत दिला. "त्यांच्या टेबलावर ठेव. काही बोलू नकोस. मंगळवारी ते आपल्या पायांनी येतील."

नाही येणार, मी म्हटलं. माझे आजोबा मला माहीत होते. वीतभर भिंतीवरून त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं आणि भाऊ गेला तरी ती वीत सोडली नव्हती.

बाई म्हणाल्या, लाव पैज. त्या हरल्या तर कपाटाची किल्ली माझी. मी हरले तर पुढचं पुस्तक मी शिवायचं. किल्ली नको असताना मी पैज लावली. आयुष्यात पहिल्यांदा हरावं असं वाटत होतं, आणि हरेन असं वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी आजोबांनी तो भाग उघडला. मी दाराआडून बघत होते. पानं उलटली, पुन्हा उलटली, पुस्तक उलटं धरून झटकलं. मग मला हाक मारून विचारलं, याला कोणी हात लावला. बाइंडरबाईंकडे आहेत, मी सांगितलं. चोर बाई, म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. सोमवारी त्यांचा चेहरा सुजला, डोळे बारीक झाले, दोन जिने चढल्यासारखा श्वास बसल्याबसल्या. आई त्यांच्या पायाशी बसून होती. आता तरी दवाखान्यात चला, ती दोनदा म्हणाली; दोन्हीदा त्यांनी तिचा हात झटकला. 

मंगळवारी सहाला चपलेचा आवाज आला. बूट पायात जात नव्हते म्हणून आजोबांनी आईच्या मोठ्या सपाता घातल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. रिक्षा बोलवा, म्हणाले.

वजनकाट्यावर अंगात साठलेल्या पाण्याने साडेचार किलो जास्त भरले. सिस्टरने तोंडभर ऐकवलं. आजोबा तिला ओलांडून सरळ तीन नंबरच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले, एका हाताने खिडकी धरून.

"माझी चार पानं."

"आधी खुर्ची, मोजणीदारसाहेब," बाई म्हणाल्या.

ते बसले. सुया टोचल्या, मशीन सुरू झालं, आणि मग सिस्टरने ती पानं नेऊन दिली. आजोबांनी ती छातीवर पालथी ठेवली. आठ वाजले, नऊ वाजले. ते झोपले नव्हते, वाचतही नव्हते. साडेदहाला त्यांनी पानं घडी करून खिशात घातली आणि छताकडे नाही, बाईंकडे बघून विचारलं, याहून जाड काही आहे का.

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अकराला त्यांच्या सुया निघाल्यावर कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. भाग पडले सव्वीस. म्हणजे जवळजवळ नऊ आठवडे. बाईंनी दोरा ओवून दिला, भोकं कुठे पाडायची ते दाखवलं, आणि आईने वॉर्डाच्या दारातून ते बघितलं. तिसऱ्याच टाक्याला सुई माझ्या बोटात घुसली. रक्ताचा चांगला टपोरा थेंब आला. ड्रायव्हरकाकांनी मान वर करून अख्ख्या वॉर्डाला विचारलं, कोणाला हवंय का.