गायकाचं गाऱ्हाणं

वादळाने आमच्या वाडीतली निम्मी छपरं उडवली, त्यानंतर पंधरवड्याने मुंबईहून तो आला. दंडभर गोंदण, खांद्यापर्यंत केस, पाठीला गिटार. टीव्हीवर तो किंचाळायला लागला की आमची म्हातारी माणसं विचारायची, "ह्याका काय चावला?" आता तोच पत्र्यांचा ट्रक घेऊन आला म्हटल्यावर त्याच माणसांनी त्याच्यासाठी शहाळी उतरवली. सोबत तीन कॅमेरे होते. ह्या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात. ह्याचं अख्ख्या देशाला कळायचं होतं.

मी शाळेत हिंदी शिकवायचो, म्हणून दुभाषेपण माझ्या गळ्यात पडलं. सकाळभर घरोघरी पत्रे वाटले. शेजारच्या काकीचे तेवढे ट्रकातच ठेवले, कारण ते गायक स्वतः तिच्या घरावर चढवणार होता आणि ते चित्रीकरण शेवटी व्हायचं होतं. काकी विधवा, एकटी, वादळापासून ताडपत्रीखाली राहत होती. पाहुणा येणार म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गायकाचा कारभार बघणारी पुण्याची बाई मला म्हणाली, "आजींना जुनं काहीतरी नेसायला सांगा ना, हे फारच चांगलं दिसतंय." काकी निमूट गेली आणि फाटकं नेसून आली. माझं टाळकं तिथेच सटकलं.

पत्रे चढवण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे देवाच्या कानावर घातल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. कोण आलंय आणि काय मागतंय ते गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, मोठ्याने देवाला सांगतात, जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागणं नसेल तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. गावकर मला म्हणाले, "तेका काय होया ता ईचार."

"मला काहीच नको," गायक कॅमेऱ्याकडे बघत हिंदीत म्हणाला.

गावकर हसले. "काय नको तर देवळात इलो कित्याक? खरा काय ता सांग म्हणा."

मी ते सांगितलं. गायक कॅमेऱ्याकडे पाठ करून, माईक मुठीत दाबून माझ्या कानात म्हणाला, "दोन वर्षं माझ्या कार्यक्रमांना कोणी येत नाही. लोक परत आले पाहिजेत." त्याचे डोळे भरले होते. त्या दिवसात तेवढं एकच तो खरं बोलला.

'सगळ्यांचं भलं होऊ दे म्हणतोय' असं सांगून मला वेळ निभावता आली असती. पण मला त्या बाईचा राग होता. शिवाय एवढा मोठा माणूस माझ्या मुठीत सापडला होता आणि मला त्याची मजा वाटत होती, हेही कबूल करतो. मी शब्द न् शब्द गावकरांना सांगितला.

गावकरांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. देवाकडे माणूस आपल्यासाठीच मागतो. त्यांनी खडा आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! हो पोर म्हुमयसून पत्रे घेवन इलो आसा. तेच्या कार्यक्रमाक लोक येवचे बंद झालेत. ते परत येवंदेत, तेचा नाव परत गाजांदे, म्हणान हो पत्रे वाटता. तेचा मागणा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी मनापासून गरजली.

पुण्याच्या बाईला सगळं कळलं. तिने कॅमेरे बंद करायला लावले आणि गायकाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो गाडीत जाऊन बसला. बाईने ट्रकचा फाळका लावायला सांगितला. गाडीची काच खाली आली नाही. काकीचे पत्रे ट्रकाबरोबर गेले.

दोन दिवस मी नाक्यावर छाती फुगवून सांगत होतो, ढोंग्याचं सोंग कसं उतरवलं ते. तिसऱ्या दिवशी काकीकडे गेलो. म्हटलं, "काकी, तो तुझ्यासाठी थोडोच इलेलो? सोताच्या नावासाठी इलेलो."

"ता माका पयल्यापासून ठावक होता," चूल फुंकता फुंकता ती म्हणाली. "तेका नाव होया होता, माका पत्रे होये होते. दोघांचाय काम होयत होता. तू मधी कित्याक पडलंस?"

तो पावसाळा काकीने भावाच्या गोठ्यात, म्हशींसोबत काढला.