बेंजोवाले अण्णा

बेंजोवाले अण्णांना एखादं गाणं मनापासून आवडलं की ते चिडायचे. बेसूर गाणाऱ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. उलट त्याला पाणी द्यायचे, "होतं असं," म्हणायचे. पण कुणाचा सूर नेमका लागला की बेंजोची नखी खाली ठेवून उठायचे आणि दार उघडून जिन्यात जाऊन उभे राहायचे. माझ्या बाबतीत पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घाबरलेच. हळदीचं गाणं होतं. मुख्य गायिका आली नव्हती म्हणून स्टुडिओच्या शेठनी कोरसमधून मला पुढं केलं होतं. टेक संपला आणि अण्णा बाहेर. मी मागोमाग गेले. "अण्णा, काही चुकलं का?"

कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "चुकलं असतं तर बरं झालं असतं. इतकं चांगलं कावून गातीस? हे गाणं वरातीत वाजायचं हाय. पोरं नाचतील, धूळ उडंल. तुझी ती हरकत कोण ऐकणार हाय?" मग आत येऊन शेठना म्हणाले, "पुन्यांदा घ्या. हिच्यापुढं माझाच बेंजोचा पीस कमी पडला."

बीडमध्ये खता-बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, दाराला आतून गोधडी ठोकलेली. टेक सुरू झाला की पंखा बंद करायचा, त्यामुळे उन्हाळ्यात प्रत्येक गाणं घामानं भिजूनच बाहेर पडायचं. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या होत्या. देवीची गाणी, हळदीची, बारशाची, कपिलधारच्या यात्रेची, कडा गावच्या कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची. येईल ते आम्ही वाजवायचो आणि गायचो. निवडणूक आली की सकाळी एकाला निवडून आणायचं आणि जेवण झालं की त्याच चालीवर त्याच्या विरोधकाला. अण्णा म्हणायचे, "दोगंबी पडू द्या, चाल तेवढी टिकू द्या." सीडीवर गायकाचा फोटो असायचा, शेठचाही असायचा. आम्ही सगळे मिळून 'आणि साथीदार' होतो.

अण्णा बीडजवळच्या पालीचे. बिंदुसरेच्या धरणाच्या अंगाला त्यांची थोडी जमीन आणि वडिलांच्या वेळची मेंढरं. त्यांच्या घरात गाणंबजावणं कुणाचं नव्हतं. तरुणपणी एका लग्नात बँडपार्टीतला बेंजो ऐकला आणि वरात नवरीच्या दारात पोचली तरी हे त्या बेंजोवाल्याच्या मागं मागं चालतच राहिले. टाइपरायटरसारख्या बटणांचं ते तारांचं वाद्य. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं नखीनं तारा छेडायच्या. अण्णांचा बेंजो त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला असे. काळीपिवळी जीपमध्ये ते तो मांडीवर घेऊन बसायचे. कुणी म्हटलं टपावर ठेवा, तर म्हणायचे, "मला ठिवा टपावर."

त्यांच्या शेजारी, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, ढोलकी घेऊन मेहबूबचाचा बसायचे. आणि हे दोघं एकमेकांशी बोलत नसत.

मी कामाला लागले तेव्हा मला हे खरंच वाटेना. कारण वाजवताना त्या दोघांचं जे चालायचं तसं मी नवरा-बायकोतही पाहिलेलं नाही. अण्णांची नखी तारेवर पडायच्या आधी चाचांना कळायचं ती कुठं पडणार ते. चाचांनी मान तिरकी केली की अण्णा एक जागा मोकळी सोडायचे आणि ढोलकी त्या जागेत उडी घ्यायची. पण टेक संपला की दोघं दोन भिंतींकडं तोंड करून चहा प्यायचे. अण्णा मला म्हणायचे, "शालन, मेहबूबला सांग, दुसऱ्या कडव्यात घाई करू नको म्हणावं." मी पाच पावलांवर बसलेल्या चाचांना सांगायचे. चाचा म्हणायचे, "बेटी, त्यांना सांग, घाई ढोलकीची न्हाई, बेंजोला झोप लागलीय." मी ते परत नेऊन पोचवायचे. आमच्या स्टुडिओत कोरस गाण्याइतकंच हेही माझं काम होऊन बसलं.

भांडणाचं कारण मला चाचांनीच सांगितलं. दोघं तरुण असताना, कॅसेटींच्या काळात, पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओतून दोघांना बोलावणं आलं होतं. कायमचं काम. सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. त्याच पहाटे चाचांच्या वडिलांना झटका आला आणि चाचा स्टँडवर पोचू शकले नाहीत. अण्णा वाट बघत उभे राहिले. गाडी आली, गेली. अण्णा बेंजो घेऊन पालीला परतले आणि पुण्याला पुन्हा कधी गेलेच नाहीत.

"मग यात भांडण कशाचं?" मी विचारलं.

"मी म्हणलंतं का त्याला थांब म्हणून?" चाचा एकदम उसळले. "जायचं ना एकट्यानं! त्यानं आपलं नशीब सोडलं आन् वझं माझ्या डोक्यावर ठिवलं. सारं बीड म्हणतंय, मेहबूबमुळं अण्णा राहिला. मी कुठं तोंड दाखवू?"

अण्णांना विचारलं तर त्यांचं वेगळंच. "येवढं घरात झालं आन् मला निरोप न्हाई? बापाच्या उशाला मी नको होतो व्हय बसायला? परका समजला मला." एवढं बोलून ते जिन्यात निघून गेले. एकमेकांसाठी जीव टाकणारी माणसं एकमेकांवर इतकी रुसू शकतात हे मला त्या दिवशी समजलं.

पुढं चाचांच्या बोटांना वातानं धरलं. सांधे सुजले, थाप पडेना. काही महिने त्यांनी रेटून वाजवलं, मग एक दिवस ढोलकीला खोळ घातली आणि यायचे थांबले. शेठनी कॉम्प्युटरवर तयार ढोलकी आणली. ती कितीही वेळ, एकसारखी, न थकता वाजायची. अण्णांनी कानाला हेडफोन लावला, अर्धं कडवं वाजवलं आणि हेडफोन काढून ठेवला. मला म्हणाले, "चल. निरोप द्यायचाय."

रिक्षानं आम्ही चाचांच्या घरी गेलो. अण्णा त्या घराचा उंबरा किती वर्षांनी ओलांडत होते कोण जाणे, पण चाची त्यांना बघून दारातच थबकली. अण्णा बाजेवर बसले. समोर चाचा. पाणी झालं. शेवटी अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला सांग, ती मशीन चुकत न्हाई. तिच्यासंगं मला वाजवाय येत न्हाई."

मी सवयीनं वळले. "चाचा, अण्णा म्हणतात..."

"ऐकू येतंय मला," चाचा म्हणाले. मग थेट अण्णांकडं बघत त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "बघ बे ही बोटं. काय वाजवू ह्यानं?"

अण्णांनी ते हात आपल्या हातांत घेतले. उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"दुखतंय."

"वाजवू नको. नुस्ता समोर येऊन बस."

चाचीनं चहा केला. त्यात साखर दोनदा पडली होती. आम्ही तो तसाच प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून माइकसमोर एक जादा खुर्ची आली. चाचा तिच्यावर बसायचे, डोळे मिटून मान हलवायचे, आणि अण्णा कानात मशीनची ढोलकी असूनही त्या हनुवटीकडं बघून वाजवायचे. शेठ कुरकुरायचे, "अण्णा, पीस मशीनच्या मागं पडतोय." अण्णा म्हणायचे, "पडू द्या. हितं माणूस बसलाय." निरोप्याची नोकरी माझी सुटली. दोघं आता इतके बोलायचे, इतके भांडायचे, की टेकच्या आधी त्यांना गप्प करावं लागायचं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं ती. पंखा बंद, घाम, अंड्यांचे ट्रे आणि ती दोन म्हातारी माणसं.

मग माझ्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली. निघताना अण्णा म्हणाले, "जा. आमचं पुणं तू कर." मी कसलं करणार होते! दोन खोल्यांचं घर, मुलाची शाळा, सकाळ-संध्याकाळ डबे. गाणं सुटलंच. लग्नसराईत लांबून एखाद्या बँडमधला बेंजो ऐकू आला की मी हातातलं लाटणं तसंच घेऊन गॅलरीत पळायचे. वरात दुसऱ्याच गल्लीनं निघून जायची. मागं बीडला स्टुडिओही बंद पडला. अण्णांनी फोनवर सांगितलं, "आता तिथं बेण्याच्या गोण्या ठिवत्यात."

एका हुरड्याच्या दिवसांत मी पालीला गेले. अण्णा खूप वाळले होते, बेंजोही हातात धरवत नव्हता. पण आगटी पेटवून, शेणी लावून स्वतः कणसं भाजत बसले होते. चाचा आधीच आले होते. काकूंनी तिळाची चटणी वाढली. धरणाचं पाणी दुपारच्या उन्हात चकाकत होतं. बोलता बोलता अण्णा म्हणाले, "मेहबूब, पुण्याला गेलो असतो तर काय झालं असतं रं?"

"उपाशी मेलो असतो दोगं," चाचा म्हणाले. "आन् भाड्याच्या खोलीत भांडलो असतो." दोघंही खोकला येईपर्यंत हसले.

मग अण्णा मला म्हणाले, म्हण काहीतरी. किती वर्षांत गायले नव्हते. आमचंच एक जुनं गाणं आठवलं, कुठल्याशा सीडीतलं, कधी न चाललेलं: 'बांधावरच्या बाभळीला गं पिवळी फुलं आली.' पहिली ओळ निभावली. तीच ओळ दुसऱ्यांदा वर न्यायची होती तिथं आवाज फाटला आणि मी थांबले. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात अण्णांनी ती ओळ उचलली आणि पुरी केली.

त्यांना गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यामागं वाजवणाऱ्या त्या माणसाचा आवाज पार बेसूर होता. एकही स्वर जागेवर नाही. मी चकित होऊन बघतच राहिले. चाचा राखेत काडी फिरवत म्हणाले, "म्हणून तर ह्यो बेंजो शिकला." अण्णा लाजले. कणसं चोळत खाली मान घालून बसले, आणि थोड्या वेळानं, आमच्याकडं न बघता, तीच ओळ पुन्हा म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाला अण्णा गेले. मी पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं.

त्यांनी वाजवलेली शेकडो गाणी कुठं कुठं असतील, कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या ट्रॅक्टरवर. ती ओळ मात्र कुठंच नाही. माझा फोन तेव्हा हातातच होता, पण त्या दुपारी रेकॉर्डिंगची आठवण कुणाला होती? चाचांचा अधूनमधून फोन येतो. खुशाली विचारतात, मुलाचं विचारतात. मग जरा थांबून म्हणतात, "बेटी, ती बाभळीची ओळ म्हण."

मी दार लोटून घेते आणि म्हणते. अण्णांनी म्हटली होती तशीच, बेसूर.