सहा कोयते

जत्रेत कोयता हातात घेतला की ती तोंड दुसरीकडे फिरवायची. कोयता उजव्या हातात आणि नजर समोरच्या आकाशपाळण्याकडे, नाहीतर रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, हिचं लक्षच नाही. मनगट मात्र हळूहळू वर-खाली होत असायचं. "डोळ्यांचं काय, चकचकीत दिसलं की भुलले," ती म्हणायची. "काम हाताला करायचंय. हाताला पसंत पडू दे."

सरावलीला आमची चिकूची वाडी आहे. ती तलासरीकडच्या एका पाड्यावरून यायची. पावसाळ्याआधी कुंपण साफ करायचं, बांबूचं बेट विरळ करायचं, वाळक्या फांद्या उतरवायच्या, या कामांना तिची पाच-सहा बायकांची टोळी असे. तिचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव कागदावर आलेलं तिला आवडत नसे. कागद दिसला की ती पाणी प्यायला निघून जाई. मी तिला मावशी म्हणायचे.

मला तिचा हेवा वाटायचा. ज्या बाईला वर्षाकाठी दोन लुगडी आणि एक छत्री एवढीच नवी वस्तू मिळायची, तिचा मला, वाडीच्या एकुलत्या एका वारसाला, हेवा वाटायचा. कारण माझे बाबा. बाबा माणूस म्हणून वाईट नव्हते, पण कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. मी कृषी पदवीला पहिल्या वर्गात आले तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. पंपाचा वॉल्व्ह गळतोय, तेवढा बघ." आणि हेच बाबा, कोयत्याची गोष्ट निघाली की सगळ्यांना सांगायचे, "ती आल्याशिवाय घेऊ नका."

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, पंधरा दिवस चालते. तिथे लोहारांची पालं लागतात आणि कोयते, विळे, कुऱ्हाडी जमिनीवर मांडलेल्या असतात. तुमच्यापैकी कुणी ती जत्रा बघितली असेल तर तिथला उन्हाचा ताव आणि धूळ ठाऊक असेल. बाबा, ती आणि मी असे तिघं जायचो. देवीला नारळ वाढवून झाला की बाबा मावशीच्या मागे मागे चालायचे. माझ्या मागे ते कधी चालले नाहीत.

एका वर्षी तिने एका पालावर तासभर काढला. उचलायची, तोंड फिरवायची, ठेवायची. लोहार वैतागला.

"मावशी, घ्यायचाय का नुसता वारा घालतेस?"

"तुला विचारलं का मी काय?"

"अगं, सगळे एकाच कमानपाट्याचे हायत. ट्रकच्या."

"ट्रक एक असंल. तापवून पाणी देणारा तूच, ना? सकाळी ताजा असतोस, दुपारी कंटाळतोस." मग तिने ढिगाच्या तळातून एक काढला. काळाकुट्ट, अंगावर घणाचे घाव तसेच. नख मारलं, कानाशी धरला आणि बाबांकडे दिला. "हा सकाळचा."

लोहार हसला आणि खाली बघू लागला. बाबा माझ्याकडे वळले. "बघितलंस? शिक."

त्या एका शब्दाने मला जेवढं झोंबलं तेवढं कशानेच झोंबलं नसेल. घरी आल्यावर मी मोबाईलवरून एक कोयता मागवला. रबरी मूठ, आरशासारखं पातं, वर म्यान. बांबूच्या तिसऱ्या घावाला त्याची धार दुमडली. ती बाजूलाच होती. हसली असती तर बरं झालं असतं. "शोभेला चांगला हाय," असं ती मनापासून म्हणाली, आणि मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

मग बाबांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी उन्हात हिंडायला बंदी केली. त्या चैत्रात जत्रा लागली त्याच दिवशी मी एकटी निघाले. तिला निरोप दिला नाही. मुद्दामच दिला नाही. पालापालांवरून फिरले, हातात घेतले, तोंडसुद्धा फिरवलं, लाज वाटत होती तरी फिरवलं. शेवटी त्याच लोहाराकडून सहा कोयते घेऊन घरी आले.

बाबा पडवीत आरामखुर्चीवर होते. त्यांनी एक उचलला, नख वाजवलं, परत ठेवला.

"तिला दाखवलेस?"

दुसऱ्या दिवशी ती आली. पाण्याचा तांब्या संपवून झाल्यावर तिने एकेक कोयता हातात घेतला. बायका गोळा झाल्या. मी खांबाला टेकून उभी होते. सहावा खाली ठेवून ती म्हणाली, "चांगले हायत. मी असते तर हेच घेतले असते."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शाब्बास," ते म्हणाले. सगळ्यांच्या देखत.

ती कोयते गोणपाटात गुंडाळून धार लावायला घेऊन गेली, दोन दिवसांनी मुठींना तेल चोळून परत आणून दिले. त्या हंगामात ते लोण्यातून फिरावेत तसे फिरले. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, हे मी निवडलेत. भाद्रपदात बाबा गेले. माझ्याजवळ त्यांची ती एक शाब्बासकी होती.

पुढच्या चैत्रात मी जत्रेला गेले तेव्हा तो लोहार ओळखीचं हसला. "ताई, यंदा मावशीला घेऊनच यायचं ना. गेल्या वर्षी मागून आली होती तुमचे सहा घेऊन. चार बदलले माझ्याकडून, दोनांना नव्यानं पाणी द्यायला लावलं. सबंध दिवस बसून होती इथं, भट्टीजवळ."

मी त्याला काय म्हणाले आठवत नाही. एवढं आठवतं की मी निवडलेले कोयते बदलून आले होते, वर्षभर मी ते वापरले होते, आणि मला ते ओळखूही आले नव्हते.

गाडी तशीच तलासरीकडे वळवली. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"लोहार बोलला वाटतं."

"मावशी, तू खोटं का बोललीस?"

"मग काय बोलू? शेट आजारी. तू तिथं उभी, तोंड एवढंसं झालेलं."

"मला मागून सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू पळत जाऊन बापाला सांगितलं असतंस. तुला खोटं राखता येत नाय."

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. मग मी तो प्रश्न विचारला, जो गाडीत बसल्यापासून डोक्यात होता. "बाबांना कळलं नाही ना?"

"नख वाजवलं असंल तेव्हाच कळलं असणार त्याला. त्याचे कान काय कमी होते? मी बोलले चांगले हायत, त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तुला शाब्बास म्हणाला."

म्हणजे माझ्यासमोर, एक शब्द न बोलता, त्या दोघांनी ठरवलं होतं. मला शाब्बासकीच्या खोटेपणाचं एवढं दुःख झालं नाही. त्या नजरेचं झालं. माझ्या बाबांना मी तीस वर्षं ओळखत होते, आणि असं नुसत्या बघण्याने माझं त्यांच्याशी कधी काही ठरलं नव्हतं. मी तिच्या अंगणात उभी राहून रडले.

"रड," ती म्हणाली. "मीही रागावले होते तुझ्यावर."

"माझ्यावर? का?"

"तू एकटी गेलीस जत्रेला." तिने सुपातला एक खडा वेचून लांब फेकला. "मला कोण काय विचारतं, पोरी? घरात पोरगा विचारत नाय, सून विचारत नाय. नवरा होता तोही कवा विचारत नव्हता. वर्षातून एक दिवस शेट विचारायचा, हा घेऊ का तो. तेवढाही तू काढून घेतलास."

थोड्या वेळाने तिने कोरा चहा केला, आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून प्यायलो. समोर कोंबड्या नाचणीवर तुटून पडल्या होत्या आणि तिने त्यांना हाकललं नाही.

त्यानंतर दोन वर्षं ती आली. तिसऱ्या वर्षी तिचा मुलगा तिला गुजरातच्या हद्दीत, उंबरगावला घेऊन गेला. तो तिथे कारखान्यात लागला होता. जायच्या आधी तिने स्वतःचा कोयता टोळीतल्या एका बाईला देऊन टाकला. मी ते ऐकून पाड्यावर गेले आणि, वय विसरून, विचारलं, "मला का नाही?"

"तू रोज चालवणार हायस काय?" ती म्हणाली. "टांगून ठेवशील भिंतीला, बापाची आठवण म्हणून. गंज चढंल." ती बाई बाजूलाच उभी होती, कमरेच्या आकडीत कोयता अडकवून. मी तिच्याकडे नीट बघूही शकले नाही. अजूनही ती बाई कामावर आली की माझी नजर आधी तिच्या कमरेकडे जाते.

उंबरगावला मी एकदा गेले होते. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली सिमेंटचं आवार. ती खिडकीत बसली होती. "इथं तोडायला कायच नाय," एवढंच ती म्हणाली.

ती श्रावणात गेली. मला बारा दिवसांनी कळलं, तेही त्या बाईकडून, कुंपणाचं काम चाललेलं असताना. मी मुलाला फोन केला. "आम्हाला कळवायचं नाही का?" म्हणाले. तो बिचारा गोंधळला. "तुम्हाला? काम तर कधीच सोडलं होतं तिनं, ताई." त्याची काही चूक नव्हती. मी तिची कोण, हे मलाही त्याला सांगता आलं नसतं.

या चैत्रात मी जत्रेला गेले. घाई केली नाही. एकच कोयता घेतला, आणि तो बरा असावा असं हाताला वाटलं. घरी येऊन पडवीतल्या बाकावर ठेवला. हातपाय धुतले, पाणी प्यायले, परत येऊन त्याच्याजवळ बसले. दाखवायला कुणी नव्हतं.