शशीच्या पायलटमधलं माझं वाक्य

सुनंदाचा फोन सकाळी आला. "ताई, हे गेले हो…" एवढंच ती बोलू शकली. शशी, माझा धाकटा भाऊ, तिचा नवरा, चहा पिता पिता खुर्चीतच गेला होता. ग्वाल्हेरातल्या मुरारहून मी रिक्षानं दर्पण कॉलनीकडे निघाले आणि वाटेत माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की त्याची ती पुस्तकं आता कोणाकडे जाणार? पाठचा भाऊ गेला आणि मला पडली होती पुस्तकांची! सांगायला लाज वाटते. पण दीड महिना झाला तरी तो विचार पुसला जात नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

शशी व्यापारी जहाजावर कॅप्टन होता. किनाऱ्यांची आणि खाड्यांची वाटाडी पुस्तकं असतात, नाविक त्यांना 'पायलट'च म्हणतात. कुठला खडक टाळायचा, तळाशी चिखल आहे की वाळू, गोडं पाणी कुठे मिळेल, किनाऱ्यावरची कुठली खूण धरून वळायचं, सगळं त्यात असतं. सुट्टीवर आला की शशी कूलरसमोर पालथा पडून ती वाचायचा, लोक कादंबरी वाचतात तशी. मध्येच ओरडायचा, "ताई, सुन तो, काय मस्त लिहिलंय!" आणि मी हातातली भाजी टाकून ऐकायला बसायचे. मला त्याचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, अगदी जळफळाट व्हायचा. भूगोलात मी त्याच्याहून हुशार होते. जहाजाच्या भरतीचा त्याचा अर्जसुद्धा मीच भरला होता, कारण तेव्हा ती भरती फक्त मुलांची होती. तो समुद्रावर गेला आणि मी मुरारच्या मुलींच्या शाळेत फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र काढत राहिले.

एकदा तो कोकणातल्या एका खाडीबद्दल कुरकुरत आला. पायलटमध्ये तिच्याबद्दल दोनच ओळी होत्या, त्याही अपुऱ्या. चुकलेलं, राहिलेलं कळवा, असं पुस्तक काढणारी कचेरी नाविकांना सांगतच असते. शशीनं सगळं नीट पाहिलं होतं, पण लिहायचं म्हटलं की त्याची बोंब. तीन दिवस मी त्याला खोदून खोदून विचारलं आणि रिपोर्ट मी लिहिला. त्यातलं एक इंग्रजी वाक्य मराठीत साधारण असं होईल: 'देवळाचा कळस टेकडीवरच्या एकट्या वडाच्या रेषेत आला, की वाळूचा दांडा मागे पडला असं समजावं.' नव्या आवृत्तीत ते शब्दन् शब्द छापून आलं. आभाराचं पत्र अर्थातच कॅप्टनसाहेबांच्या नावे, आणि त्यांनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं! मी विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे रे?" तो हसत म्हणाला, "तुझं नाव कसं टाकणार ताई? तू तर जहाजावर नव्हतीस ना." खरं होतं, म्हणूनच झोंबलं.

पुढच्या वर्षी त्याचं जहाज त्याच खाडीत आठवडाभर थांबलं होतं. फोन आला, "ताई, गाडीत बस आणि ये. लाँचमधून फिरवतो तुला. तुझा वड तर बघून घे एकदा." मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. "पेपर तर कोणी पण चेक करून घेईल, तू आ जा ना यार!" अगदी काकुळतीला आला होता बिचारा. माझे पेपर आदल्याच दिवशी तपासून झाले होते… पण त्याच्या मेहेरबानीनं मला समुद्र पाहायचा नव्हता. त्यानंही पुन्हा कधी विचारलं नाही.

निवृत्त होऊन तो दर्पण कॉलनीत राहायला आला तरी पायलट सुटली नाहीत. ही पुस्तकं छापली की शिळी व्हायला लागतात. दर आठवड्याला दुरुस्त्या निघतात, त्या कापून जुन्या ओळींवर चिकटवायच्या. शशी कैची घेऊन बसला की सुनंदा वैतागायची, "तुमचं जहाज काय मुरार नदीत उभं आहे?" तो म्हणायचा, "पुस्तक चुकीचं ठेवू नये." कात्रणांनी पुस्तकं फुगली होती, मिटायची नाहीत.

तेराव्यानंतर सुनंदानं कपाट उघडलं. "घेऊन जा ताई. तुमच्याशिवाय कोण वाचणार आहे हे?" मी आधी माझं पान शोधलं. आजूबाजूची पानं कात्रणांनी भरलेली, माझं मात्र कोरं, जसं छापलं तसं. पानांच्या बेचक्यात एक कात्रण सुटं पडलं होतं. नीट कापलेलं, कोपऱ्यात पेन्सिलीनं आठ वर्षांपूर्वीचं साल. त्यावर छापलं होतं: वड वादळात पडला आहे, त्याबद्दलचं वाक्य काढून टाकावं.

"हे चिकटवायचं राहिलं का गं?" मी विचारलं.

"राहिलं नाही. ते म्हणायचे, हे ताईचं आहे, याच्यावर मी हात नाही लावणार."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आला तो हेवाच. आयुष्यभर मी त्याला एक पत्र माफ केलं नाही, आणि हा माणूस माझ्या एका वाक्यासाठी स्वतःचा नियम मोडून गप्प बसला होता. मोठेपणातही हाच पुढे!

मी सुनंदाकडे गोंद मागितला. ती म्हणाली, "राहू द्या ना ताई. आता याला बघून कोणतं जहाज जाणार आहे तिथे?"

"चुकीचं आहे ते," मी म्हटलं आणि कात्रण माझ्या वाक्यावर चिकटवलं. कडा बोटानं दाबता दाबता मनाशी हिशेब केला. त्यानं बोलावलं त्यानंतर तो वड चांगला बारा वर्षं टेकडीवर उभा होता. ग्वाल्हेरहून तिकडे जायला गाडी रोज होती.