संकष्टीला दिलेली पुढची तारीख

देवाने आपली हाक ऐकली असं सांगणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. मला त्याने माझी चूक दाखवली. ती लिहितानाही मान खाली जाते.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी हृदयतपासणी विभागात टेक्निशियन आहे. त्या संकष्टीला ड्युटी संपत आली असताना भांडुपहून एक साठीच्या मावशी लेकीबरोबर आल्या. महिन्याभरात त्या तीनदा शुद्ध हरपून पडल्या होत्या. ईसीजीत काही सापडलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी होल्टर लिहिला होता. दिवसभर छातीवर लावून ठोके नोंदवणारं यंत्र. ते कपाटातच होतं. पण लावण्यात वीस मिनिटं गेली असती आणि मला हॉस्पिटलजवळच्या देवळात आरती गाठायची होती. "मशीन नाही, सोमवारी या," मी म्हणाले.

"बाय, आज जमाचा नाय?" मावशींनी हळूच विचारलं. मी वर पाहिलंही नाही.

तासाभराने देवळाच्या रांगेत माझ्या दोन पावलं पुढे कोणीतरी कोसळलं. त्याच मावशी होत्या. तपासणी झाली नाही, निदान दर्शन तरी घेऊ, म्हणून त्या थांबल्या होत्या. मी मनगट धरलं. एक ठोका लागला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. नारळ विकणाऱ्या एका अनोळखी बाईंनी दुकान तसंच टाकून रिक्षा आणली. हॉस्पिटलात मॉनिटरवर ठोके थांबताना स्पष्ट दिसले. दुसऱ्या दिवशी मावशींना पेसमेकर बसवला.

वॉर्डात त्या सगळ्यांना सांगत होत्या, बाप्पानेच ही पोरगी पाठवली. मला ते ऐकवेना. मी कबूल केलं, "मावशी, मशीन होतं. मी खोटं बोलले." लेकीने तोंड फिरवलं. मावशींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "माका राग इलो हा. पण आता दुसऱ्या कोणाक असा परत धाडू नको."

मी इन्चार्ज मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, आणि मग आम्ही दोघींनी बसून पद्धत बदलली. आता चक्कर येऊन पडलेल्या माणसाचा ईसीजी, झोपून आणि उभं राहून घेतलेलं बीपी आणि होल्टर, सगळं एकाच फेरीत होतं.

शरण जाणं म्हणजे उपास आणि आरतीची वेळ पाळणं, असं मी समजत होते. आता कित्येकदा आरती चुकते. शेवटच्या पेशंटच्या छातीवर पट्ट्या चिकटवताना मनातच बाप्पाचे आभार मानते, की त्याने मला त्या रांगेत उभं केलं.