तंबोऱ्यामागची बांगडी

कोणाच्याही घरात शिरले, की हाताशी येईल त्या लाकडावर माझे शेजारी मधल्या बोटाच्या पेराने हलकेच ठोकत आणि डोळे मिटून ऐकत. कपाट असो, दाराची फळी असो, जेवणाचे टेबल असो. मग निकाल देत, "बोलतंय." किंवा, "मुकं आहे." यजमानांची प्रकृती विचारायची ती त्यानंतर.

मी वसईला राहायला आलो तेव्हा शेजारधर्म म्हणून ते भेटीस आले. सायंसंध्या आटोपून मी उठतच होतो. त्यांची नजर माझ्या देवघरावर गेली, हात पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. "चालेल का, गुरुजी?" मी मान हलवली. त्यांनी ठोकले, ऐकले आणि म्हणाले, "जुना साग. बोलतंय. देव सुखात आहेत तुमचे." आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या मला देवांच्या क्षेमकुशलाची अशी वार्ता तोवर कोणी दिली नव्हती. आमचा स्नेह तेथेच जडला.

या ठोकण्यापायी त्यांच्या घरच्यांची कधी कधी पंचाईत होई. एकदा पुतणीसाठी स्थळ पाहायला सारी मंडळी गेली होती. यांनी बैठकीतल्या शोकेसवर बोट वाजवले आणि सर्वांदेखत सांगून टाकले, "वरून लाकूड, आतून भुसा." त्यांच्या पत्नीने, ज्यांना मी वहिनी म्हणत आलो, तेथल्या तेथे सुनावले, "अहो, आपण मुलगा बघायला आलोय, कपाट नाही." लग्न जमले. तो जावई आजही ही गोष्ट स्वतःच हसत सांगतो.

आपणापैकी पुष्कळांच्या शेजारी असा एखादा छांदिष्ट गृहस्थ राहून गेला असेल. आपण प्रथम त्याच्याकडे कौतुकाने पाहतो, पुढे त्याची सवय होते, आणि त्याने त्या छंदात नेमके काय शोधले हे कळेतो बराच काळ गेलेला असतो. यांचा छंद होता घरी ध्वनिसंच बांधण्याचा. आणि केवळ बांधण्याचा नव्हे, तर बांधलेला पुन्हा उघडून सुधारण्याचा.

नायगावच्या खाडीकाठी मिठागरावर राबणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. शिकून ते मुंबईत कचेरीत लागले, निवृत्तीनंतर वसईत केळीच्या वाडीला लागून लहानसे घर बांधून राहिले. बोलण्यात मात्र मिठागर शेवटपर्यंत टिकले होते. पाण्याला ते 'पानी'च म्हणत, आणि वर्णोच्चारावर जन्म घालवलेल्या माझ्या कानांना ते त्यांच्या तोंडी गोडच वाटे.

घरातली सर्वांत मोठी खोली त्या संचाच्या दोन खोक्यांची होती. कमरेइतकी उंच, जाड प्लायवूडची, स्वतः कापून जोडलेली. आत सावरीचा कापूस भरलेला, खाली कडाप्पा. खाली मोठा वूफर, वर लहानसा ट्वीटर. जाड सूर खाली आणि बारीक सूर वर पाठवणारी जी जोडणी पोटात असते, तिला ते 'नाका' म्हणत. समोर, दोन्ही खोक्यांपासून सारख्या अंतरावर, एक वेताची खुर्ची. ती त्यांची. तीवर बसताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येई, तो मी पूजेला बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही क्वचितच पाहिला आहे.

हा सारा खटाटोप एका बांगडीसाठी होता.

तरुणपणी त्यांनी एका मैफलीची तबकडी घेतली होती. विलंबित ख्याल संपतो, गवई क्षणभर थांबतो, आणि त्या निःशब्दतेत मागे तंबोऱ्यावर बसलेल्या बाईंचा हात हलून काचेची बांगडी एकदाच किणकिणते. मग द्रुत सुरू होते. मित्राकडच्या मोठ्या ध्वनिसंचावर त्यांनी ती बांगडी पहिल्यांदा ऐकली होती. "गवई कोनीही गाईल, गुरुजी," ते म्हणत, "पन ती बांगडी वाजली ना, की कळतं, ती मानसं खरंच तिथे बसली होती." आपल्याही घरी संच असावा आणि त्यात ती वाजावी, एवढीच त्यांची आकांक्षा. काही वर्षे ती उत्तम वाजली. मग ती झाकोळू लागली, आणि पुढे त्यांना ऐकू येईनाशी झाली.

त्याचे कारण त्यांना पक्के ठाऊक होते. "खारी हवा," ते सांगत. "हवेनं खाल्लं." वडिलांची सायकल, खिडक्यांचे गज, कुलपे, बिजागऱ्या, सारे त्यांनी लहानपणापासून मिठाच्या हवेने खाल्लेले पाहिले होते. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत ज्या वाऱ्यापुढे लोखंड टिकत नाही, त्यापुढे ट्वीटरची केसासारखी तार ती काय टिकणार? म्हणून ते दर थोड्या काळाने ट्वीटर बदलीत. आधीच्याहून धारदार, आधीच्याहून तेजस्वी आणीत. समुद्राकडची खिडकी त्यांनी कायमची लावून घेतली. खोक्यांना कापडी बुरखे शिवले, आत तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या.

वहिनींना घुसमटल्यासारखे होई. "माझे गुडघे धरले तेव्हा खिडकी सताड उघडी," त्या मला ऐकवीत, अर्थात त्यांना ऐकू जावे अशा बेताने. "आता त्या मेल्या ट्वीटरला वारा बाधतो म्हणून बंद. पुढच्या जन्मी मी ट्वीटर होऊन येते."

नवा ट्वीटर बसला, की परीक्षेला मला बोलावणे येई. माझ्याकडून एखादे स्तोत्र म्हणवून घेत, ते ध्वनिमुद्रित करीत आणि मलाच ऐकवीत. पुढे पुढे त्या खोक्यांतून माझाच आवाज मला ओळखेना. श, ष, स हे वर्ण फुत्कारासारखे येऊ लागले. मी तसे सांगितले, तर ते संतोषाने म्हणत, "म्हंजे उघडतोय. अजून पडदा आहे थोडा."

मग तबकडी लावली जाई. गवई थांबे. त्या क्षणी ते माझ्याकडे वळून विचारीत, "आली?" बांगडी काच फुटल्यासारखी कानात घुसलेली असे. मी म्हणे, "स्पष्ट आली." वहिनीही तेच सांगत. ते मंद हसत. "तुम्ही दोघं भिडेनं हो म्हनता. मला बरं वाटावं म्हनून. नाही वाजली अजून." खरे सांगणाऱ्यावर भिडस्तपणाचा ठपका बसला, की त्याने काय करावे, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

असे बरेच दिवस चालले. भाद्रपद होता. पाऊस नुकताच उघडला होता आणि संध्याकाळी आम्ही तिघे त्यांच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. मागे केळीची वाडी ओलीगच्च होती. तेथून रातकिड्यांचा असा काही गजर चालला होता, की वहिनींना साखर हवी का हे विचारायलाही आवाज चढवावा लागत होता. ते कप हातात धरून काळोखाकडे पाहत होते. मग हळहळून म्हणाले, "काय दिवस आले बघा. नायगावला टॉवर उठले, खाडी बुजली. रातकिडेसुद्धा संपले वसईतले. यंदा एकही नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे. त्यांनी कप खाली ठेवला आणि नेहमीच्या टोमण्याचा मागमूसही नसलेल्या स्वरात सांगितले, "अहो, ओरडतायत की."

"कुठे?"

"सगळीकडे."

ते उठून वाडीच्या कुडापर्यंत गेले. कानामागे पंजा धरून उभे राहिले. परत आले ते माझ्यासमोर थांबले. मी होकारार्थी मान हलवली.

"मग बांगडीपन वाजत होती?"

"वाजत होती," मी म्हटले.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

ते खाली बसले. गार झालेला चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग आपलेच नेहमीचे वाक्य कोणी परक्याने उच्चारावे तसे सावकाश म्हणाले, "म्हंजे हवेनं मलाच खाल्लं."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, की वयाने असे होते. माणसांचे बोलणे ऐकू येत राहते, फक्त अतिसूक्ष्म, उंच स्वर आधी निघून जातात, आणि जाताना चाहूलही देत नाहीत. यंत्र मिळाले. ते लावून आल्यावर त्यांनी मला सांगितले, "रातकिडे आले परत, पन पत्र्याचे. बांगडीपन पत्र्याची." गप्पा मारताना ते यंत्र लावीत, तबकडीपुढे मात्र काढून ठेवीत. मला वाटले, आता तो संच मुका होणार. बरेच दिवस बुरखे निघाले नाहीत, आणि आमच्याकडे आले तरी त्यांचा हात कशावर ठोकायला उठला नाही. मीच एकदा म्हटले, "देवघराची वार्ता पुष्कळ दिवसांत कळली नाही." त्यांनी ठोकले खरे, पण निकाल दिला नाही.

मग एका सकाळी त्यांनी मला बोलावले. खोकी उघडी होती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी अगदी पहिले दोन ट्वीटर जपून ठेवले होते. ते धोतराच्या तुकड्यातून सोडवून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. गंजाचा ठिपकाही नव्हता. "बघा," ते म्हणाले, "फुकट आळ घेतला हवेवर." आणि उठून त्यांनी समुद्राकडची खिडकी उघडली. बिजागरी मात्र खरोखरच गंजली होती. खिडकी उघडायला त्यांना दोनदा खांदा लावावा लागला.

जुने ट्वीटर पुन्हा बसले. वेताच्या खुर्चीवर त्यांनी वहिनींना बसवले. त्या संकोचल्या. "मला काय कळतं त्यातलं?" "तुला ऐकू येतं," ते म्हणाले, "तेवढं पुरे." ते नाक्यातली एखादी जोडणी बदलीत, कथलाचा डाग देत आणि विचारीत. वहिनी स्वयंपाकघरातल्या भाषेत उत्तर देत. "करपलंय." "आता आळणी." "मीठ बरं झालंय, पण अजून कच्चं लागतं." आणि ते त्या शब्दांवर असे काम करीत, जणू त्यांच्या विद्येची परिभाषा पहिल्यापासून हीच होती. दुपार कलली. गवई थांबला. वहिनी एकदम म्हणाल्या, "ती बाई आली. मागे, जरा डावीकडे बसलीये."

त्यांनी डाग देण्याचे हत्यार बाजूला ठेवले. पुन्हा ती खोकी कधी उघडली नाहीत.

त्या दिवसापासून त्यांची बसण्याची जागा बदलली. खुर्ची वहिनींची झाली. ते दोन खोक्यांच्या मध्ये एका बुटक्या स्टुलावर, संचाकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून बसू लागले. गाणे जेवढे पोहोचे तेवढे ते पाठीने ऐकत, उरलेले आमच्या चेहऱ्यांवर वाचीत. देवाकडे पाठ करून भक्तांकडे पाहणारा पुजारी मी पाहिला नव्हता; तो त्या खोलीत पाहिला आणि मला त्यात काही गैर वाटले नाही. बांगडीची जागा आली, की वहिनी काही न बोलता त्यांच्याकडे मनगट किंचित वळवीत. ते मान डोलावीत. "आली," ते म्हणत. आता कोणी भीड राखते आहे, अशी शंका त्यांना येत नसे.

गेल्या माघात, दुपारच्या झोपेतच ते गेले.

मी गेलो तेव्हा नात्यातल्या बायका वहिनींभोवती बसल्या होत्या. हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवण्याचे चालले होते. वहिनींनी हात मागे घेऊन मांडीवर धरले होते. मला पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही सांगाल ते करीन." सारी खोली माझ्याकडे पाहू लागली. मी आचार मानणारा मनुष्य आहे. चालत आलेली रूढी सहजासहजी मोडत नाही, दुसऱ्याला मोडायला तर सांगतच नाही. पण त्या घरात नाद हेच दैवत होते, आणि त्याची मूर्ती कोणत्या हातात होती हे मी स्वतः पाहिले होते. मी म्हटले, "वहिनी, त्या हाताकडे पाहून ते ऐकत होते. उतरवू नका."

वहिनींची थोरली जाऊ पदर सावरीत पुटपुटली, "गुरुजीच असं सांगायला लागले, तर आम्ही बोलायचं कोनाला?" पण ती सरकून बसली.

परवा वहिनींनी मला तबकडी ऐकायला बोलावले. खोक्यांवर बुरखे नव्हते. समुद्राकडची खिडकी उघडी होती आणि खारा वारा सरळ आत येत होता. आत जाताना दाराच्या फळीवर माझेच बोट नकळत वाजले. काय ऐकावे हे मात्र मला कळले नाही. बुटके स्टूल दोन खोक्यांच्या मध्ये जेथल्या तेथे होते. विलंबित संपले. गवई थांबला. मागे, जरा डावीकडे, ती बांगडी किणकिणली. आणि वहिनींचे मनगट त्या स्टुलाच्या दिशेने किंचित वळले, व द्रुत सुरू झाल्यावरही थोडा वेळ तसेच राहिले.