घोडे नसलेलं नाणं

रोमची इज्जत माझ्या बोटांतून जाते, असं मी बाजारात सांगत असे. खरं एवढंच की जूनोच्या देवळाशेजारच्या टाकसाळीत मी खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवायचो, माझा जोडीदार स्टाफिलस वरच्या ठशावर घण घालायचा आणि मी नाणं उचलायचो. एका बाजूला रोमा देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला जुळे देव घोड्यांवर. नाणं वरच्या ठशाला चिकटलं नाही ना, हे बघणं माझं काम. आणि अलीकडे मला बघणंच जमत नव्हतं. मुकादमाला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी हाकललं असतं.

त्यात उतारवयात लग्नाची हौस. खिओने ही नदीकाठी ऑलिव्ह विकणारी विधवा. तिला मी मागणी घातली होती आणि ती उत्तराचं नाव काढत नव्हती. छाप पडावी म्हणून एके सकाळी मूठभर ऑलिव्हसाठी मी चांदीचा अख्खा देनारियस पुढे केला.

"घ्या, माझ्याच हातचा आहे."

तिनं तो उलटसुलट केला. "घोडे कुठं गेले?"

"कुठले घोडे?"

"देवांचे. इकडेही देवी, तिकडेही देवी. आणि तिकडची आत खचलीय, चिखलात तोंडावर पडल्यासारखी."

आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटलेलं असताना मी पुढची चकती ठेवली होती आणि घोड्यांऐवजी त्या नाण्यावरची देवीच तिच्यात उलटी रुतली होती, हे मला लगेच कळलं. "त्या स्टाफिलसचा घणच वाकडा पडतो," मी म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं." तिनं तळहात पुढे केला. "सांगा बरं, ही ऑलिव्हं हिरवी की काळी?"

मी डोळे बारीक केले आणि रुबाबात सांगितलं, "काळी."

"हात रिकामा आहे."

शेजारचा मासेवाला पोट धरून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्ता कळलं मला मागणी का घातलीत ते," खिओने म्हणाली. "चेहरा दिसत नाही म्हणून."

"आवाजाला घातली," मी म्हणालो. "तुम्ही शिव्या फार सुरेख देता."

ती टोपल्या आवरायला लागली. नोकरीही गेली, बायकोही गेली, असं धरून मी निघालो. तिनं अंगरखा ओढून मला टोपलीपाशी बसवलं.

"उद्यापासून टाकसाळीत जाऊ नका, एखाद्या दिवशी बोटं चेचून घ्याल. कडक ऑलिव्हं या टोपलीत, मऊ त्या टोपलीत. त्याला डोळे लागत नाहीत."

मी चाचपत निवडायला लागलो. धीर करून विचारलं, "म्हणजे लग्नाला होकार समजू?"

"एवढंही दिसत नाही तुम्हाला?" ती म्हणाली.